क्वाड्रूनवाले गुरुजी

नवा माणूस भेटला की लोक नाव विचारतात. आमचे वामनगुरुजी आजोळ विचारतात.

मुरबाडच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांना अमेरिकेतल्या गोऱ्या मळेवाल्यांचे शब्द सापडले. आईबापांतलं एक काळं, तर पोर मुलातो. चार आजीआजोबांत एक काळं, तर क्वाड्रून. पणजीपणजोबांत एक, तर ऑक्टरून. झालं, निवृत्तीनंतर गुरुजी अख्खा तालुका याच मापानं मोजायला निघाले.

एसटी स्टँडवरच्या चहावाल्या सदूची आजी घाटावरची निघाली.

"म्हंजे तू क्वाड्रून रे."

सदूचा चेहरा उतरला. "यावर गोली कंची घेऊ, गुरुजी?"

मी वैतागायचो. म्हणायचो, माणूस म्हणजे काय डेअरीचं दूध आहे, फॅट काढायला? त्यावर गुरुजी शांतपणे म्हणायचे, "साहेबानं निदान शब्द तरी केलं. आपल्याकडं शब्द नाय, सरळ पंगतच येगळी." ते स्वतः मुलातो. बाप खालच्या गावातला शेतकरी, आई डोंगरावरच्या आदिवासी वाडीतली. हे मात्र ते मिशीवर हात फिरवून सांगत.

परवा टोकावड्याला आमच्या जुन्या विद्यार्थिनीचं, सुगंधाचं लग्न होतं. तिच्या आईबापांनी जातीबाहेर लग्न केलेलं. जीपमध्ये बसल्या बसल्या गुरुजी म्हणाले, "पोरीचं मामा यायचं नायत." मी कानाडोळा केला. यांच्या चौकशा कुठवर ऐकायच्या?

मुहूर्ताला भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. सुगंधाची आई मान खाली घालून उभी होती. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात गुरुजींनी पिशवीतून बांधून आणलेला फेटा काढला, डोक्यावर चढवला आणि सुगंधाचा हात धरून तिला अंतरपाटापाशी आणलं. मग तिच्या पाठीशी उभे राहिले.

कुणीतरी खवचटपणे विचारलंच, "गुरुजी, तुमी कंचं मामा?"

"ऑक्टरून मामा. भटजी, तुमी चालू करा."

मांडव हसला. आई हसता हसता रडली.

पंगतीत शेजारचा म्हातारा म्हणाला, "आमच्या पोरीचंबी मामा हेच." तेव्हा कुठे त्या आजोळाच्या चौकशांचा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परतताना मी विचारलं, "गुरुजी, हे कधीपासून?"

त्यांनी फेटा उतरवून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "माज्या लग्नात माज्या मागं कोनी नवतं, मास्तर. मंगलाष्टकं सरंपर्यंत पाठीला नुसता वारा लागत होता."