मिस्टर पास्क यांची खोली

दार उघडलं आणि मिसेस क्रॅब्ट्री म्हणाल्या, "आलात एकदाचे. या, आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

रुपर्ट पास्कला जरा धीर आला. ऑल्डरबीच्या बाजारचौकामागच्या या घरात मिसेस क्रॅब्ट्री आणि ग्वेन अशा दोघी राहत होत्या. त्यांना तिसरा भाडेकरू हवा होता, पण आधी चहाला बोलावून त्या त्याला पारखून घेणार होत्या. गावात दुसरी खोली रिकामी नव्हती. इतके दिवस रुपर्ट बहिणीच्या सोफ्यावर झोपत होता आणि आज रात्रीपासून त्या सोफ्यावर तिची सासू झोपणार होती. इथे नकार मिळाला तर चौकातलं बाकडंच. म्हणून तो कपड्यांची जड पिशवी घेऊनच आला होता.

मिसेस क्रॅब्ट्रींनी त्याला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि सिंकखालचा गळका पाइप दाखवला. रुपर्टला वाटलं, हीच परीक्षा असणार, घरकामाला हात लावणारा माणूस हवा असेल. त्याने कोट काढला आणि सिंकखाली आडवा झाला. "प्लंबर आला गं," असं बाईंनी ग्वेनला ओरडून सांगितलं तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

पण बाईंनी एवढ्या आपुलकीने आत घेतलेलं, पाठीखाली टॉवेलही अंथरलेला. आता 'तुमची चूक झाली' म्हणून त्यांना ओशाळं करायचं कसं? ते त्याच्याच्याने होईना. पाइप आवळून द्यावा आणि मग हळूच नाव सांगावं, असं त्याने ठरवलं. त्याने आटा उलटा फिरवला. पाइप निसटला आणि पाण्याची धार त्याच्या नाकात गेली. दोन्ही तळव्यांनी त्याने ती कशीबशी दाबून धरली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

"मिस्टर पास्क ना? बसा, चहा तयारच आहे," ग्वेन कुणाला तरी म्हणाली.

रुपर्टला खालून फक्त जाडजूड बूट दिसत होते. बूटवाला काहीतरी पुटपुटला, पण त्याच्यापुढे कप आला आणि पुटपुटणं थांबलं. मग सिंकशेजारच्या टेबलाशी, रुपर्टच्याच खोलीसाठी त्याची चौकशी सुरू झाली. सिगारेट ओढत नाही, बाजा वाजवत नाही, मांजर चालतं. हात सोडावा तर स्वयंपाकघराचं तळं होणार, न सोडावा तर खोली जाणार. रुपर्ट मोठ्याने खाकरला. मिसेस क्रॅब्ट्री लगबगीने वाकल्या आणि बिचाऱ्याचे हात गुंतलेत हे बघून त्यांनी एक अख्खं बिस्किट त्याच्या तोंडात घातलं.

"मग आवडेल ना इथे राहायला?" ग्वेनने वर विचारलं.

बूट अस्वस्थपणे हलले. "आवडेल की. छानच आहे."

"मग आजच या. ही घ्या किल्ली."

बूटवाल्याने किल्ली घेतली. "आभारी आहे," तो म्हणाला. "आणि सहज सुचवतो हं, जिन्याखालचा पाण्याचा मेन कॉक बंद केलात तर त्याचे हात सुटतील."

हात सुटले. छातीपर्यंत तांबडी दाढी असलेल्या त्या माणसाने 'जरा बघतो' म्हणत पाइप चुटकीसरशी बसवला. बायकांनी त्याबद्दल रुपर्टचे मनापासून आभार मानले आणि दोघांनाही दारापर्यंत सोडलं.

रस्त्यावर येताच रुपर्टचं डोकं सणकलं. "ती खोली माझी होती. पास्क मी आहे."

"आणि मी मॉर्टन, प्लंबर," दाढीवाला रडकुंडीला येऊन म्हणाला. "मला घर आहे हो. बायको आहे, पोरं आहेत. आता घरी काय सांगू?"

"मग 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"त्यांनी केकचा दुसरा तुकडा वाढला. त्यावर नाही कसं म्हणणार?"

हे मात्र रुपर्टला पटलं. मॉर्टनने किल्ली त्याच्या हातात कोंबली आणि गाडीत बसून धूम ठोकली.

संध्याकाळी रुपर्टने किल्लीने दार उघडलं तेव्हा दोघी जिन्यापाशीच उभ्या होत्या. मघाचा प्लंबर पिशवी घेऊन घरात शिरलेला त्यांना स्वच्छ दिसत होता.

"मी पास्क," तो कसाबसा म्हणाला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ज्याला आपण होऊन किल्ली दिली त्यालाच 'तू कोण' असं विचारण्याची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

"दाढी काढलीत वाटतं, मिस्टर पास्क," मिसेस क्रॅब्ट्री शेवटी म्हणाल्या.

"हो."

"बरं केलंत," ग्वेनने सुटकेचा निःश्वास टाकला. "तुम्हाला कसं सांगावं, याचाच आम्ही विचार करत होतो."