मुठीतल्या अक्षता

मैनाबाईंनी देवापुढे बसून लाल फडकं सोडलं, तर आत कहाण्यांच्या पुस्तकाऐवजी दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा निघाला.

समोर बसलेल्या वच्छलाबाईंनी आणि निकितानं नुकत्याच मुठीत अक्षता घेतल्या होत्या. वच्छलाबाईंनी भाकरींकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोन्त्या वाराची कहाणी होय वं?"

"बाई गं! म्हंजे यायनं पुस्तक नेलं वावरात!" मैनाबाईंनी कपाळाला हात लावला.

झालं होतं ते साधंच. एका जुन्या लाल साडीची मैनाबाईंनी दोन फडकी केली होती. एकात देवाचं पुस्तक, एकात नवऱ्याची, नानाजींची न्याहारी. सकाळी नानाजी घाईत होते. ओट्यावर भाकरी होत्या, शेजारच्या फळीवर पुस्तक होतं. नानाजींनी हाताला लागलं ते गाठोडं गाडीच्या हँडलला अडकवलं आणि शेतावर गेले.

आता राळेगावच्या त्या गल्लीत मैनाबाईंचा नेम सगळ्यांना ठाऊक होता. चातुर्मासात रोज दुपारी एक कहाणी सांगायची, त्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. कहाणी एकटीनं सांगून चालत नाही, ऐकणारं माणूस लागतं. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरायच्या. शेवटी 'जसं तिचं झालं तसं तुमचं आमचं होवो' असं म्हणून त्या देवावर वाहायच्या. तोवर मूठ उघडायची नाही आणि जागचं उठायचं नाही. हे नियम सांभाळायला शेजारच्या वच्छलाबाई होत्या. कहाणीच्या दुसऱ्या वाक्याला त्यांचा डोळा लागे, पण झोपेतही मूठ घट्ट असे.

"काकू, मोबाइलवर पाहू का?" निकिता म्हणाली. ती पलीकडच्या घरची नवी सून. "सगळ्या कहाण्या असतात त्याच्यात."

"मोबाइल सांगन त पुण्य मोबाइललेच भेटन," वच्छलाबाई म्हणाल्या. "तोंडपाठ सांग वं मैना. इतक्या वर्साची सांगून राह्यली."

मैनाबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. "आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याची एक राणी होती. तिचं नाव हेमांगी."

निकितानं दचकून वर पाहिलं.

हेमांगी कोणत्याच कहाणीत नव्हती. ती निकितानं वाचनालयातून आणून दिलेल्या जाड कादंबरीत होती. नानाजी दुपारी आडवे झाले की मैनाबाई ती कादंबरी वाचत आणि पदरानं डोळे पुसत. शेवटची थोडीच पानं उरली होती. हेमांगीचं काय होणार या काळजीनं त्या हल्ली देवपूजेत तिच्या नावाचंही एक फूल वाहू लागल्या होत्या. जी गोष्ट डोक्यात होती तीच तोंडावाटे बाहेर पडली.

"हेमांगी? हे नवीन दिसते," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे टक्क उघडे होते.

ते उघडे डोळे पाहून मैनाबाईंना हुरूप आला. आणि कहाणी कोणतीही असो, शेवट गोडच असतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आजवर त्यांनी सांगितलेल्या एकाही राणीचं वाईट झालं नव्हतं.

"राणी माहेरी पेटी वाजवे. लय गोड वाजवे. लगन झालं, तवा राजा म्हने, आमच्या घरच्या बाया पेटी वाजवत नाही. राणीनं पेटी माळ्यावर ठेवून देली."

"राजाच्या घरी माळा?"

"असते ना. राजाले कापूस होत नसन काय ठेवाले!"

वच्छलाबाईंना ते पटलं. एवढ्यात शिवलेला ब्लाउज घेऊन रहमतबी दारात आल्या. मैनाबाईंचे ब्लाउज त्याच शिवत.

"उभी नोको राहू, कहाणी चालू हाय," वच्छलाबाईंनी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. "बस."

"अरे बाई, मेरी मशीन खुली पडी है."

"बस म्हनलं ना."

रहमतबी दाराशी टेकल्या. मैनाबाईंनी त्यांच्यासाठी पेटी पुन्हा एकदा माळ्यावर चढवली आणि पुढे निघाल्या. राणी संसार करत राहिली. राजा वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, सणाला साडी आणत होता. फक्त त्याचा चहा, त्याचं जेवण, त्याचं पान सगळं वेळेवर लागे. मग एक दिवस राणीच्या म्हाताऱ्या गुरुजींचा निरोप आला. महिनाभर ये, राहिलेलं शिकवतो, माझे फार दिवस उरले नाहीत.

"राणी राजाले म्हने, मी जाऊन येऊ? राजा म्हने, काम काय हाय तिथं? राणी म्हने, काम काही नाही, मन होते. राजा म्हने, काम नाही, तं जातं कायले?"

'काम नाही, तं जातं कायले' हे वाक्य कादंबरीत नव्हतं. ते नानाजींचं होतं. मैनाबाईंची धाकटी बहीण रुखमाबाई आर्णीला असे. आठ दिवस ये, नुसत्या बसू, बोलू, असा तिचा दरवर्षी फोन येई. बारशाला, तेराव्याला मैनाबाई आर्णीला जाऊन आल्या होत्या. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत. नुसतं बसायला मात्र कधी जमलं नव्हतं. नानाजी 'नाही' कधीच म्हणत नसत. सोयाबीन निघू दे म्हणत, मग कापूस, मग तूर. तूर निघाली की ऊन लागे. उन्हात कायले जातं?

"मंग?" रहमतबी पुढे सरकल्या. "गई की नहीं?"

"मी इथलोकच वाचलं," मैनाबाई म्हणाल्या. "आता देव प्रसन्न होईन. राजाच्या सपनात येईन, नाही त म्हाताऱ्याचं रूप घेऊन दारात येईन."

निकिता खोकली. मग पुन्हा खोकली.

"पानी पे वं," वच्छलाबाई म्हणाल्या.

"काकू," निकिता हळूच म्हणाली, "देव नाही येत."

"काहून?"

"त्या पुस्तकात देव नाहीच आहे. राणी जात नाही. घरातच झुरते, आजारी पडते आणि मरून जाते. मग राजा माळ्यावरून पेटी काढते, धूळ पुसते आणि म्हणते, पेटी तर चांगली होती. संपलं."

देवापुढची वात चुरचुरली.

"आँ? धूल पहले पोंछता ना!" रहमतबी म्हणाल्या.

मैनाबाईंचे डोळे भरून आले. रोज वाहिलेल्या फुलांचा काहीच उपयोग झाला नव्हता. वच्छलाबाईंनी मात्र नियम सोडला नाही. "बरं, झाली कहाणी. वाहा अक्षता. जसं राणीचं झालं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. हात देवाच्या दिशेनं निघाला होता, तो तसाच मागे आला.

"काय झालं?" निकितानं विचारलं.

"माह्या लेकी नांदून राह्यल्या तिकडं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तसं तुमचं आमचं होवो, असं कोन्त्या तोंडानं म्हनू मी?"

कोणाच्याच तोंडानं ते म्हणवेना. मूठ उघडता येईना आणि उठताही येईना. चुलीवरचं वरण घट्ट होत चाललं. रहमतबींचा फोन वाजला. त्यांनी डाव्या हातानं तो कानाला लावला, "कहानी में हूँ, बाद में बोलती," म्हणाल्या आणि ठेवला.

"शेवट बदलून टाका ना," निकिता म्हणाली. "राणी राजाले सोडून जाते आणि एकटी आनंदानं राहते."

"अन् आपन म्हनाचं, तसं आमचं होवो?" वच्छलाबाई दचकल्या. "या वयात मी कुठं जाऊ वं?"

"तो फिर राजाच मर गया तो?" रहमतबींनी सुचवलं.

"नोको वं बाई!" मैनाबाईंनी घाईनं देवाला हात जोडले. "एक त ते उपाशी वावरात गेले हायेत."

"मंग असं करू," वच्छलाबाई म्हणाल्या. "राणी पेटी विसरून जाते अन् संसारात सुखी होते."

"मी नाही वाहत त्याच्यावर," निकितानं मूठ मागे घेतली. "मले अजून बी. एड. करायचं आहे."

ज्या बाजूनं शेवट करावा, त्या बाजूनं तो कोणाच्या तरी घरावर येत होता. मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले. मैनाबाई मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, चूक माझी आहे, या बायांना मोकळं कर, मी आज उपाशी राहीन.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. नानाजी आत आले ते लाल फडकं नाचवतच.

"सकाळपासून पोटात अन्न नाही! वावराच्या धुऱ्यावर बसून फडकं सोडलं, त आत सोमवारची कहाणी! घ्या तुमचं पुस्तक अन् वाढा मले."

"पुस्तक आता कामाचं नाही," वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. "सुरू झालेली कहाणी अर्धी टाकता येत नाही. बसा. हात करा पुढं."

वच्छलाबाईंनी नानाजींचं लग्न पाहिलं होतं, त्यांच्यापुढे नानाजींचं काही चालत नसे. नानाजींनी हात पुढे केला. मुठीत अक्षता घेऊन ते बसले आणि आशेनं स्वयंपाकघराकडे पाहू लागले.

"कुठलोक आली कहाणी?"

"अडली हाय," वच्छलाबाई म्हणाल्या. "राणीले जायचं हाय, राजा जाऊ देत नाही."

"कुठं जायचं हाय?"

"हाय एका गावाले. महिनाभर."

"मंग जाऊ द्या ना तिले!"

मैनाबाईंनी मान वर केली. "पन तिथं काम काही नाही तिले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसतं मन होते म्हनून."

"मन होते त जाऊ द्या! कामालेच जा लागते काय मानसानं?" नानाजींच्या पोटात कावळे ओरडत होते. "काय राजा होय का कोन होय!"

"त्याले जेवाले कोन वाढन?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"त्याले हात नाही काय? खिचडी टाकन अन् खाईन!"

"च्या?"

"च्या बी करन! आता संपवा ना वं ही कहाणी!"

"पक्कं म्हनता? अक्षता हायेत हातात."

"पक्कं! तीनदा पक्कं!"

वच्छलाबाईंनी पदर सावरला. एवढ्या खणखणीत आवाजात त्यांनी चातुर्मासात काहीच म्हटलं नव्हतं. "राजानं राणीले धाडलं. राणी महिनाभर राह्यली, मन भरून वापस आली. तोवर राजानं आपल्या हातानं खिचडी केली. जसं तिचं झालं, तसं तुमचं आमचं होवो. सुफळ संपूर्ण!"

चारही बाजूंनी अक्षता देवावर पडल्या. सगळ्यात आधी नानाजींच्या पडल्या. सगळ्यात शेवटी मैनाबाईंनीही चिमूटभर अक्षता उचलून वाहिल्या.

त्या दुपारी नानाजी पोटभर जेवले. घट्ट झालेलं वरणही त्यांना गोड लागलं. जेवता जेवता ते म्हणाले, "आजची कहाणी बरी होती. नवीन होय काय?"

"हो," मैनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नानाजींना आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाजी उठले, तेव्हा मैनाबाई नवा ब्लाउज घालून, पिशवी भरून तयार होत्या.

"कुठं निघाली वं?"

"आर्णीले. रुखमीकडं."

"काम काय हाय?" नानाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"काम काही नाही," मैनाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "काल तुमी अक्षता वाह्यल्या ना. मी आपली आठच दिवस जातो. देवाले दिलेला शब्द तुमचा मोडू नये म्हनून जा लागते."

नानाजींनी देवाकडे पाहिलं. कालचे तांदूळ अजून देवाच्या पायाशी होते. त्यांनी पिशवी उचलली आणि बायकोला गाडीवर बसवून एसटी स्टँडवर नेऊन सोडलं.

संध्याकाळी आर्णीला फोन वाजला.

"झाली काय कहाणी तुही?" नानाजींनी विचारलं.

"झाली. रुखमी म्हने, कालचीच सांग."

"बरं." नानाजींनी पातेल्यात डाव घालून पाहिला. "ते खिचडी बुडाले लागली."

"पानी किती टाकलं होतं?"

"पानी टाका लागते काय?"

पलीकडून दोन बहिणींच्या हसण्याचा आवाज येत राहिला. नानाजींनी फोन ठेवला नाही. ते हसणं त्यांनी यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकत त्यांनी पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं.

आठ दिवसांनी मैनाबाई परतल्या. पहिल्याच दुपारी त्यांनी पुस्तक उघडलं, तर वच्छलाबाई म्हणाल्या, "ते ठेव बाजूले. राणीची सांग." त्यांना लेकीकडे जायचं होतं. निकितानं बी. एड.चा अर्ज आणला होता. रहमतबी मशीन बंद करूनच आल्या होत्या.

आता त्या गल्लीतले पुरुष भाकरीचं फडकं सोडून पाहिल्याशिवाय वावरात जात नाहीत.