उंट, शहामृग आणि सासूबाई

सासूबाईंना सर्कस दाखवायची, एवढंच मी ठरवलं. (मी काही ठरवू नये, हेच खरं.) सन चौतीस असेल. मी शहाद्याच्या कचेरीत कारकून. सासूबाई, म्हणजे भिकुबाई, प्रकाश्याहून आठ दिवसांसाठी आल्या होत्या. तेवढ्यात त्यांचं माझ्याबद्दलचं मत थोडं सुधारावं, अशी माझी फार इच्छा होती.

तंबूबाहेर एका अंगाला उंट आणि दुसऱ्या अंगाला शहामृग बांधलेला. सासूबाईंनी दोघांना नीट न्याहाळलं.

"जावईबापू, यास्मा जोरदार कोन?"

"अर्थात उंट!" मी व्हर्नाक्युलर फायनल पास झालेल्या आवाजात म्हणालो. "शहामृग म्हणजे शेवटी कोंबडीच. धड उडताही येत नाही."

"मंग उंटले चारा द्या."

उंटाने ओठ वर करून मला पिवळे दात दाखवले.

"उंटाला काय, कोणीही देईल," असं म्हणून मी हरभऱ्याची मूठ घेऊन कोंबडीकडे वळलो.

"अहो, हात मांगे ल्या!" माझी बायको कौसा ओरडली.

पण हरभरे गेले होते, आणि त्यांच्याबरोबर माझी लग्नातली अंगठीही. सासूबाईंनी गळ्यातल्या सोन्याच्या दोन पुतळ्या मोडून ती घडवली होती. (माझी बोटं काडीसारखी. ती सैलच होती.) त्या लांबलचक मानेतून एक बारीक गाठ सावकाश खाली उतरताना आम्ही तिघांनी पाहिली. इकडे सासूबाई उंटाला कडबा भरवू लागल्या. उंट गाईसारखा खात होता.

"बाबूजी, तीन दिन देखो," रखवालदार भीमसिंग म्हणाला. "किस्मत में होगा तो निकलेगा."

कचेरीत 'घरगुती अडचण' असा रजेचा अर्ज दिला आणि तीन दिवस हातात काडी घेऊन त्या पक्ष्याच्या मागे बसलो. काडीने काय उकरत होतो, ते विचारू नका. अख्खं शहादं बघून गेलं. आमचे हेडक्लार्क चुडामणभाऊ सहकुटुंब आले.

"काय हो, बदली झाली का?"

मी काडी चालवत राहिलो.

चौथ्या दिवशी तंबू उतरला. तेव्हा भीमसिंग म्हणाला, "इसके पेट में तो कंकर-पत्थर बरसों पड़े रहते हैं, बाबूजी."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"आप इतने मन से बैठे थे!"

घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडलो. "आई, चुकलो. तुमच्या पुतळ्या मी…"   त्यांनी ताटात भाकर वाढली, वर तुपाची धार सोडली. माझे डोळे भरून आले. वाटलं, माफ केलं.

हात धुवायला परसात गेलो, तर कुडापलीकडच्या फुलवंताबाईंना त्या सांगत होत्या,

"पाखरूले पारख शे, माय. सोनं गिळी लिधं, आनि जावई सोडी दिधा."