बुडबुड्यांचे वैरी

आमचे माणिक सर चहाच्या कपालासुद्धा टिचकी मारल्याशिवाय तो तोंडाला लावत नाहीत. कप उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटतात, बाजूला बोटाने टिचक्या मारतात, कडेला जमलेले फुगे फुटेपर्यंत थांबतात आणि मग घोट घेतात. तोवर चहाचं पाणी झालेलं असतं. एकदा कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचं थंड पेय त्यांच्यापुढे आलं. फसफसणाऱ्या त्या ग्लासकडे ते बराच वेळ संशयाने बघत राहिले. "कोन पितंय हे? निस्ती हवा हाय ह्याच्यात," म्हणाले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

हसू नका. सुरुवातीला मीही हसले होते. आता मी घरी गेले की पाण्याच्या बाटलीला टिचकी मारते आणि आई काळजीने माझ्याकडे बघत बसते.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण आमच्या पूर्णा गावात ते अजून कुणाला धड समजलेलं नाही. मी परफ्युजनिस्ट व्हायला शिकतेय. हृदयाच्या आतलं ऑपरेशन करायचं तर हृदय थांबवावं लागतं. ते थांबलेलं असताना शरीरातलं रक्त नळीने बाहेर आणायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत आत सोडायचं, हे सगळं एक मशीन करतं. ते मशीन चालवतो तो परफ्युजनिस्ट. माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन. त्यांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे मेन लाइन बंद, गाडी लूप लाइननं." एवढं नेमकं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. आईने मात्र गल्लीत "पोरगी परभणीला पंपावर हाय" एवढंच सांगितलं, त्यामुळे अर्ध्या गल्लीला वाटतं मी पेट्रोल भरते.

माणिक सर माझे शिकवणारे. मूळचे पोखर्णीच्या बाजूचे, पण उमेदीची वर्षं सगळी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलेली. परभणीत हृदयाच्या ऑपरेशनांचा विभाग सुरू झाला तसे ते गावाच्या ओढीने परत आले. बायको-मुलं हैदराबादेतच राहिली. सर दवाखान्यामागे एका खोलीत एकटे राहतात. बोलणं अस्सल आपल्याकडचं, पण मधूनच 'बिल्कुल', 'फिकर', 'हौ' असे हैदराबादी शब्द येतात, आणि रागावले की सगळंच हैदराबादी होतं.

ऑपरेशनआधी मशीनच्या सगळ्या नळ्या सलाइनने भरून त्यातली हवा काढावी लागते. एखादा बुडबुडा रक्ताबरोबर मेंदूत पोचला तर माणसाचा हात, पाय, वाचा, काहीही जाऊ शकतं. हे काम आम्ही सगळेच जपून करतो. सर ते करताना बुडबुड्यांशी बोलतात. नळीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत पुढे सरकायचं आणि पुटपुटायचं, "चल माय, निघ. तुझं हितं काय काम हाय? निघ म्हनलं की निघावं." एखादा चिकट बुडबुडा सांध्यात अडकून बसला की त्याला आधी गोंजारतात, मग दरडावतात, मग त्याचं खानदान काढतात. सगळं स्वच्छ झालं असं मला वाटलं की मी म्हणायची, "सर, आता दिसत नाही एकही." त्यावर ठरलेलं उत्तर. "दिसंना म्हनून न्हाई, असं कुटं असतंय का?" आणि टकटक पुन्हा पहिल्यापासून.

फिकिरीला सरांकडे तोटा नाही. ऑपरेशनच्या दिवशी ते सकाळपासून पाण्याला शिवत नाहीत, कारण पाणी प्यायलं की मशीन सोडून जावं लागणार. दोन धपाटी कोरडीच चावतात. मग जनरेटरवाल्याकडे जाऊन डिझेल बघतात. तो "भरलंय सर" म्हणतो, तरी टाकीत काडी घालून बघतात. लाइट गेली, जनरेटर लागला नाही आणि मशीनची बॅटरीही बसली, तर मशीन हाताने फिरवायला एक दांडा असतो. तशी वेळ कधी येत नाही, पण सर मला रोज तो दांडा फिरवायला लावत. तेही गप्प नाही. एका चालीत फिरवत राहायचं आणि त्याच वेळी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. "मामा किती? मोठ्या मामीचं माहेर कुठलं? लग्नात आहेर काय केला?" बोलता बोलता हात मंदावला की ओरडत, "अगं, पेशंट निळा पडायलाय, मामी ऱ्हाऊ दे!" मामीचा विषय तर त्यांनीच काढलेला असायचा.

पण माझं खरं दुखणं दांडा नव्हता. माझं दुखणं होतं मान.

आमच्या घरी मोठी माणसं बोलली की मुलीने मान हलवायची. वडील म्हणाले, "गाडी लेट हाय," मान. आजोबा म्हणाले, "औषध दे," मान. तोंडाने उत्तर दिलं तर ते उलट उत्तर. ती सवय घेऊन मी ऑपरेशन थिएटरात आले. तिथला कायदा वेगळा. सर्जन जे सांगेल ते परफ्युजनिस्टने मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच करायचं. "फ्लो कमी करा." "फ्लो कमी करतेय." सर्जनची नजर छातीत असते, त्याचे फक्त कान मोकळे. पहिल्याच दिवशी पाण्यावर सराव चालला होता, सर सर्जन झाले होते. ते म्हणाले, "पंप चालू." मी मान हलवली आणि पंप चालू केला.

सर वळून माझ्याकडे बघत राहिले. "मान हालवलीस? अगं माय, तिकडं काळीज उघडं पडलंय. तुझी मान कोन बघायला बसलंय? आवाज!"

मी म्हटलं, "हो सर." ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

तेव्हापासून 'आवाज!' हा एक शब्द माझ्या मागे लागला. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, रजिस्टरवर सही करताना. मला स्वप्नातही तो ऐकू यायचा आणि मी उठून बसायची. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हात तुझा चांगला हाय, डोकं चांगलं हाय. पन तुझा आवाज निघाल्याबिगर मशीन तुला एकटीला देनार न्हाई. बिल्कुल न्हाई." माझ्याबरोबर शिकलेल्या मुली दुसऱ्या शहरांत स्वतः मशीन चालवू लागल्या होत्या आणि मी अजून नळ्यांना टिचक्या मारत होते. घरी कळलं तर वडील परत बोलावतील ही भीती वेगळीच. बाथरूममध्ये जाऊन मी कितीदा रडले असेन, तेही आवाज न करता.

मग सरांनी उपाय काढला. मला पार्किंगच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला अॅम्ब्युलन्सपाशी गेले आणि तिथून "मला थांबव" म्हणून चालायला लागले. मी म्हटलं, "थांबा." ते चालत राहिले. मी पुन्हा म्हटलं. ते कानाला हात लावून चालतच राहिले. शेवटी एक रिक्षा गेटातून आत आली, सर तिच्याकडे पाठ करून तसेच मागे मागे जाऊ लागले आणि मी जीव खाऊन किंचाळले, "सर, थांबा!"

रिक्षा थांबली. सर थांबले. वॉचमन काठी घेऊन धावत आला आणि त्याने सरांचा दंड धरला. "काय झालं ताई? ह्यांनी काय केलं?" सर इतके खूश झाले की वॉचमनला म्हणाले, "धर, धर, घट्ट धर! पोरीचा आवाज निघाला!" वॉचमनला काहीच उमगलं नाही. मला मात्र तो संपूर्ण दिवस बरं वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी सर म्हणाले, "उद्याची केस तुझी. मी मागं उभा ऱ्हातो."

ती केस म्हणजे पार्वतीबाई. देवगाव फाट्याजवळच्या एका गावातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या. हृदयाची एक झडप इतकी बिघडलेली की मोळी तर सोडाच, चार पावलं चाललं तरी दम लागायचा. आदल्या दिवशी मी वॉर्डात त्यांना बघायला गेले. त्यांनी विचारलं, "तू डागदरीन हायस का?" मी म्हटलं, "नाही मावशी, मी मशीन चालवणार." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मंग नीट चालव गं माय. माझी लेक बारावीला हाय." मी मान हलवली. मग सुचलं आणि मोठ्याने म्हटलं, "नीट चालवीन!" शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले.

दुसऱ्या दिवशी मी मशीनपुढे बसले. सुरुवात सुरळीत झाली. "पंप चालू." "पंप चालू केला." हृदय थांबलं, रक्त माझ्या समोरच्या भांड्यात येत होतं, तिथून पुढे जात होतं. मी त्या भांड्यातल्या रक्ताच्या पातळीवरून नजर काढत नव्हते. ते भांडं रिकामं झालं तर मशीन हवा ढकलतं, आणि मग सगळंच संपलं.

झडप बसवायला सर्जननी हृदय जरा उचललं आणि पातळी उतरायला लागली. सर्रकन. रक्त येणंच कमी झालं होतं. कुठेतरी नळी मुडपली होती. मी मागे वळून बघितलं. सर भिंतीला टेकून उभे होते, दोन्ही हात पाठीमागे, आणि छताकडे बघत होते. त्यांना दिसत होतं हे मला पक्कं माहीत आहे.

समोर सर्जन, ज्यांच्यापुढे सगळा दवाखाना हळू बोलतो.

"थांबा!" मी ओरडले. त्यानंतर जे आलं ते थिएटरातल्या भाषेत नव्हतंच. "सर, रगत येईना झालंय! पातळी पडायलीय! मी फ्लो कमी करायलेय, तुमी नळी बघा!"

सगळे हात थांबले. सर्जन म्हणाले, "बघतो." त्यांनी हृदय जरा खाली सोडलं, नळी सरळ केली. भांड्यातली पातळी हळूहळू चढली.

"आली?"

"आली. फ्लो पूर्ण करतेय."

पुढचं सगळं नीट झालं. पार्वतीबाईंचं हृदय आपलं आपण चालू लागलं आणि मी पंप बंद केला. सर्जन बाहेर पडताना म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी मला कुणी 'थांबा' म्हणालं. बरं केलंत." मी लगेच मागे वळले. मला माणिक सरांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

तसं ते नेहमीचंच होतं. केस संपली की सर गायब व्हायचे. स्टोअरमध्ये आडवे होत असतील, असं आम्ही सगळे समजून होतो. संध्याकाळी मी पार्वतीबाईंना बघायला आयसीयूत गेले, तर सर त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसलेले. दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होते, थंडीत घासतो तसे. सिस्टर मला हळूच म्हणाली, "रोजचंच आहे. पेशंट शुद्धीवर येऊन हात दाबेपर्यंत हलत नाहीत. काल परवा नाही, पहिल्यापासून."

सरांनी मला बघितलं. ओशाळल्यासारखे झाले. "दोनी हात दाबले म्हंजे मेंदूत हवा गेली न्हाई," ते म्हणाले. "आन् दुसरंबी हाय. सर्जन काळजाला हात लावतो. सिस्टर अंग पुसती. आपुन निस्तं नळ्याला हात लावतो. ज्याचं रगत आपल्या म्होरून फिरलं, त्याला आपुन कोन ते ठावं नसतंय. म्हनून मी हात मागायला येतो." ते उठले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "आज पेशंट तुझा हाय. बस."

मी पार्वतीबाईंचा उजवा हात हातात घेतला, हाक मारली. पापण्या हलल्या. बोटं हळू मिटली. मग डावा घेतला. "मावशी, हात दाबा." काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. मला सकाळचा एकेक सांधा, एकेक नळी आठवायला लागली. कुठे काही राहिलं होतं का? सर खाटेच्या पायथ्याशी उभे होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"मावशी, लेक वाट बघायलीय. हात दाबा."

आणि ऊस धरून घट्टे पडलेला तो हात माझ्या बोटांवर असा आवळला की मला दुखलं. मला रडूच आलं. ह्या वेळी आवाजासकट.

सरांनी डोळे उघडले. "दाबला?"

"दाबला सर. दोन्ही."

त्यांनी मान डोलावली. चादर पार्वतीबाईंच्या पायांवर नीट केली. "येतो मग," म्हणाले, पण गेले नाहीत. त्यांचा उजवा हात थोडासा पुढे आला होता, तो त्यांनी बघितला आणि खिशात घातला. बाहेर जायचं तर ती मागची खोली, तिथे कुणी नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला सरांची माया आली.

"सर," मी म्हटलं, "परवाची केस?"

"मशीन तूच चालव. आता काय फिकर न्हाई." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. मला आजवर कुठलीच गोष्ट त्यांनी विचारून केलेली नव्हती. "पेशंटचा हात तेवढा मी बघितला तर चालंल का तुला?"