दुधासाठी वेगळी तक्रार करा

बाथरूमच्या दाराचं हँडल हातात आलं तेव्हा सासऱ्यांना आधी आनंदच झाला. हे एक दिवस निखळणार असं ते कधीपासून सांगत होते आणि घरात कुणी मनावर घेत नव्हतं. आपलं म्हणणं खरं ठरल्याची बातमी मुलीला आणि जावयाला कधी एकदा देतो असं त्यांना झालं. तेवढ्यात पलीकडचं हँडल चौकोनी सळीसकट बाहेरच्या फरशीवर पडल्याचा आवाज आला, आणि आपण दाराच्या कुठल्या बाजूला आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी दातांची डॉक्टर, ती दवाखान्यात. जावई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात. आणि स्वयंपाकघरात, गॅसवर, दूध. दूध आठवलं तसा सासऱ्यांनी टॉवेल घट्ट केला. ते उतू जाणार, ज्योत विझणार, गॅस घरभर पसरणार, आणि संध्याकाळी मुलगी दारात येऊन दिव्याचं बटण दाबणार.

“वाचवा!” ते झरोक्याला तोंड लावून ओरडले.

“काका, सूर लागत नाहीये,” वरच्या मजल्यावरून उत्तर आलं आणि तिकडची खिडकी बंद झाली.

फोन मात्र हाताशी होता. तो जावयानं दिलेला होता आणि साधासुधा नव्हता. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नव्हता, सगळ्यांचा होता. त्यातलं सॉफ्टवेअर जगभरची हौशी मंडळी आपापल्या घरी बसून लिहीत, कुणीही ते उघडून बघावं, सुधारावं, आणि प्रत्येक गोष्ट ‘खुला फोन मंडळ’ नावाच्या चर्चापीठावर चर्चा करूनच ठरवावी, असा शिरस्ता होता. जावई त्या मंडळाचा कट्टर सभासद. “बाबा, काही बिघडलं की तिथे लगेच कळवायचं. बाथरूममध्ये असलात तरी,” असं त्यानं बजावलं होतं. सासरे आज्ञाधारक होते.

त्यांनी मुलीला फोन लावला.

“अगं, मी बाथरूममध्ये अडकलोय!”

“हॅलो? बाबा? काही ऐकू येत नाहीये. नुसता नळ टपटपतोय. पेशंटचं तोंड उघडं आहे हो, ठेवते.”

ही मंडळाच्या ताज्या अपडेटची करामत होती. फोनवर बोलताना मागचा गोंगाट आपोआप गाळला जावा म्हणून एका सभासदानं मोठ्या कष्टानं सोय केली होती. ती सोय माणसाच्या आवाजालाच गोंगाट समजे आणि बाकी सगळं स्वच्छ ऐकवी.

जावयाला कारखान्यातल्या जुन्या फोनवर गाठल्यावर तो हरखूनच गेला.

“बाबा, बोलताय ना? अजिबात ऐकू येत नाहीये! वा! माझ्याही फोनचं हेच झालंय. म्हणजे हा माझा भ्रम नाही!”

सासऱ्यांनी चिडून हातातलं हँडल दारावर आपटलं.

“कुणीतरी दार वाजवतंय बघा,” जावई म्हणाला. “उघडा तुम्ही, मी ठेवतो.”

अग्निशमन दलाच्या माणसानंही शांतपणे ऐकून घेतलं आणि नळ गळत असेल तर प्लंबरला बोलवा, असा सल्ला दिला. मेसेज पाठवायची सोय होती, पण मेसेजच्या चौकटीचे कोपरे गोल असावेत की टोकदार, यावरून मंडळात दोन तट पडल्यामुळे एकमत होईपर्यंत ती काढून ठेवली होती. उरलं मंडळ.

सासरे निवृत्त टंकलेखक होते. शंका असो वा संकट, मजकुरात खाडाखोड नाही. त्यांनी लिहिलं, “मी बाथरूममध्ये अडकलो आहे. दाराचे हँडल निखळले आहे. गॅसवर दूध आहे. कृपया माझ्या मुलीला कळवावे.” खाली मुलीचा नंबर आणि घरचा पत्ता. मंडळावर खरं नाव सांगायचं नाही असा दंडक असल्यानं सही त्यांच्या टोपणनावाची होती, ‘स्वच्छंद’. मजकूर झळकला तेव्हा नंबराच्या जागी एक काळी पट्टी होती आणि पत्त्याच्या जागी दुसरी.

“खासगी माहिती आपोआप झाकली जाते,” लगेच उत्तर आलं. उत्तर देणारा ‘कासव’ हा मंडळाचा व्यवस्थापक होता. “तसंच एका तक्रारीत एकच विषय हवा. दुधासाठी वेगळी तक्रार करा.”

“अहो, घर जळेल!”

“त्यासाठी तिसरी. बरं, फोनची आवृत्ती कोणती?”

“फोनचा काय संबंध? दार उघडत नाहीये.”

“दार एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहिलंत का?”

“ते बंदच आहे!”

“म्हणजे अर्धी कृती झाली आहे,” कासवानं नोंद घेतली. “हा त्रास सगळ्यांना होतोय की फक्त तुम्हाला?”

“इथे मी एकटाच आहे हो.”

मग कासवानं कळवलं, “आत्ताच माझ्या बाथरूममध्ये जाऊन आलो. दार लावलं, उघडलं. माझ्याकडे व्यवस्थित चालतंय. तक्रार निकाली काढत आहे.”

सासरे कमोडचं झाकण टाकून त्यावर बसले. त्यांना धूर दिसू लागला होता. नाकानं नीट हुंगल्यावर तो साबणाचा वास निघाला, पण धीर सुटायचा तो सुटलाच.

आणि तेव्हा ‘घुबड’ चर्चेत उतरला.

“थांबा, कासवराव. ही काय चाचणी झाली? तुमच्या दाराला हँडल होतं. यांच्या दाराला नाहीये. परिस्थिती तंतोतंत तशीच करून बघायला हवी. मी बघतो.”

“काही गरज नाही,” सासऱ्यांनी घाईघाईनं लिहिलं. “फक्त कुणालातरी पाठवा.”

पण घुबड गेला होता. थोड्याच वेळात त्याचं उत्तर झळकलं, “आमच्या इथल्या बाथरूमचं हँडल काढलं. बाहेरचं बाहेर पडलं. दार उघडत नाही. माझ्याकडेही हेच होतंय!”

मंडळात चैतन्य पसरलं. अंगठे उमटले, टाळ्या उमटल्या. कासवानं दिलगिरी व्यक्त केली आणि तक्रारीपुढे ‘खात्रीशीर’ असा हिरवा शिक्का मारला.

“अभिनंदन,” सासऱ्यांनी लिहिलं. “आता तुम्ही बाहेर कसे येणार?”

‘घुबड लिहीत आहे’ असं तीनदा झळकलं आणि तीनदा पुसलं गेलं.

“हा मुद्दा चांगला आहे,” घुबड म्हणाला.

आता मात्र चर्चेला धार आली. शेंबूड आपल्या नाकाला लागला की रुमाल चटकन सापडतो. घुबडानं दाराचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि लिहिलं, “हँडलच्या जागी चौकोनी भोक आहे. त्यात चपखल बसेल असं काहीतरी घालून फिरवलं की झालं. टूथब्रश मोडला. कंगवा वाकला. मिटलेली कात्री हवी, माझ्याकडे आत नाहीये. तुमच्याकडे?”

सासऱ्यांकडे मिशा कातरायची कात्री होती. त्यांनी ती मिटून भोकात खुपसली, श्वास रोखून फिरवली. खट्! दार उघडलं. ते टॉवेल सावरत स्वयंपाकघरात धावले.

दूध पातेल्यात होतं. पातेलं गॅसवर होतं. गॅस बंद होता. लायटर सापडेना म्हणून तो शोधता शोधता आपण अंघोळीला गेलो, हे त्यांना आठवलं. ते ओट्याला टेकले आणि स्वतःशीच एवढे हसले की टॉवेलही हरला.

“सुटलो!” त्यांनी कपडे घालून मंडळाला कळवलं. “शतशः आभार.”

“तक्रार सुटली. चर्चा कायमची बंद करत आहे,” कासवानं जाहीर केलं.

“थांबा, मी अजून आत—” एवढंच घुबडाला लिहिता आलं. सासऱ्यांनी लगेच नवी तक्रार टाकली, “घुबड आत आहे!” ती कासवानं काढून टाकली. त्याच विषयावर चर्चा होऊन गेली होती.

उन्हं उतरताना मुलगी घरी आली. “बाबा, ह्यांना काय झालंय? दुपारपासून सारखे फोन करतायत आणि बोलत काहीच नाहीत.”

“मागे काही ऐकू येतं?”

“संडासची टाकी भरल्याचा आवाज येतो. आणि मधूनच उसासा. नाही, उसासा माझाच असेल.”

सासऱ्यांनी मिशांची कात्री खिशात टाकली. “मी येतो जाऊन,” म्हणाले.

कारखान्यात दिवसभर घरघरणारी मशीनं आता थांबलेली होती, बाकीचे घरी गेले होते आणि काचांच्या चकत्या ट्रेमध्ये चकाकत होत्या. मागच्या बाजूच्या बंद दारासमोर एक हँडल पडलं होतं.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“स्वच्छंद,” सासरे म्हणाले.

आत चाललेली टूथब्रशची खुटखुट थांबली.

“बाबा?”

“मागे सरका, घुबडराव.”

खट्. जावई बाहेर आला. केस विस्कटलेले, हातात अर्धा टूथब्रश. पण त्याचा पहिला प्रश्न स्वतःविषयी नव्हता.

“दूध? दुधाचं काय झालं? ते तुमचं आहे हे माहीत नव्हतं, तरी दुपारभर डोक्यात तेच होतं. घर तर...”

त्याचे डोळे भरून आले होते. सासऱ्यांना खरं बोलवेना.

“अगदी काठाला आलं होतं,” ते म्हणाले. “एक फुंकर उशीर झाला असता तर संपलं होतं.”

जावयानं त्यांना मिठीच मारली. “म्हणजे मी अडकलो ते सार्थकी लागलं,” तो म्हणाला, आणि दोघंही सुटकेचा निःश्वास टाकत रस्त्याला लागले. वारा होता, आकाश मोठं होतं, आणि कुठेही दार नव्हतं.

वाटेत सासऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

“बाबा, सापडले का हे?” मुलगी विचारत होती. “अच्छा, तुमचंही ऐकू येत नाहीये. हो असेल तर एकदा टकटक करा बघू.”

जावई थक्क होऊन फोनकडे बघत राहिला. मंडळात कुणाला हे सुचलं नव्हतं. सासऱ्यांनी दिव्याच्या खांबावर कात्री वाजवली.

“ठीक आहेत ना दोघंही?”

टक.

“हुश्श! जीव भांड्यात पडला. बरं, येताना दूध घेऊन या. इथलं पातेल्यात नासलंय. दिवसभर कुणी तापवलंच नाही वाटतं. हो ना, बाबा?”

जावयानं मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी खांबाकडे पाहिलं.

टक.