सात गाढवांची स्वारी

प्रभूचे चरणी मस्तक ठेवून आणि चष्मा पुसून ही हकीकत लिहावयास घेतली. मागील लिहिणारांनी मोठमोठ्या मोहिमा लिहिल्या, हत्ती मोजले, तोफा मोजल्या, पडलेले मोजले आणि पळालेले झाकले. परंतु चर्चच्या मागल्या खोलीत सात लेकरांनी आणि एका बाईने जी मोहीम मारिली, तिची नोंद कोणी ठेविली नाही, सबब हे काम आमचे गळ्यात पडले. जे घडले तेच लिहितो. जेथे डोळ्यांनी पाहिले नाही तेथे कानांनी ऐकिले आहे, आणि या हकीकतीत कानांस केवढा मान आहे ते पुढे कळोन येईल.

तर मुलुख म्हणाल तर एक खोली. चर्चच्या मुख्य दालनामागे, कपबश्या धुण्याच्या मोरीलगत, सात पावले लांब आणि पाच पावले रुंद, एक खिडकी, एक लंगडा पियानो, आणि भिंतीस टेकविलेला फळा. या मुलुखाचा अंमल गेली एकोणीस वर्षे टाचणीबाई यांजकडे. बाईंचा पेशा शिवणकामाचा. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या विजारी आखूड करणे आणि सुटलेल्या पोटांसाठी शिवणी उसवून देणे हा उद्योग, आणि गळपट्टीस सदैव दहाबारा टाचण्या टोचलेल्या, म्हणून मुलांनी हा किताब बहाल केला. आणि मुलांनी दिलेला किताब बादशहाच्या बापासही काढून घेता येत नाही. बाईंस मूलबाळ नाही, यजमान वारून सहा वर्षे जाहली, गुडघे कुरकुरतात. सहा दिवस त्यांची वाट विजारी पाहात, आणि सातवे दिवशी माणसे पाहात. रविवारी बाई येथे लहान मुलांस येशूच्या कथा शिकवीत, आणि तो वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण, हे येथे स्पष्टच लिहून ठेवितो.

ऐशा या मुलुखावर राजमान्य चिटणीस यांची नजर गेली. चिटणीस म्हणजे चर्चच्या पंचमंडळाचे चिटणीस. गृहस्थ सज्जन, मनाचे वाईट नव्हेत, परंतु खुर्च्यांचे वेडे. त्यांनी शंभर नव्या घडीच्या खुर्च्या आणविल्या, आणि आणविल्यावर ध्यानी आले की ठेवावयास जागा नाही. मग प्रथम चार खुर्च्या दोन दिवसांचे बोलीने मागल्या खोलीत उतरल्या, आणि मग अकरा जाहल्या, आणि मग तीसांवर चार. आणि मुलांस बसावयास जमीन उरली नाही, आणि ज्या खुर्च्यांनी जमीन घेतली त्यांवर बसावयाची मुलांस सक्त मनाई. गनिमाने किल्ला घ्यावा तो तोफेने. येथे घडी घालून घेतला.

इतक्यावर न थांबता चिटणीसांनी फर्मान काढिले की, झावळ्यांचा रविवार चार आठवड्यांवर आला. त्या दिवशी लहान वर्गाने सर्व मंडळींसमक्ष प्रभूच्या नगरप्रवेशाची मिरवणूक काढावी, आणि राजा कोठे आणि कसा आला हे मुलांनी आपल्या तोंडाने सांगावे. न सांगता आल्यास एवढ्या लहानग्यांस काही कळत नाही असे सिद्ध होऊन, त्यांस मोठ्या वर्गात सामील करावे, तेथे पडद्यावर चित्रफिती दाखविल्या जातील. खोली खुर्च्यांस द्यावी, आणि बाईंनी विश्रांती घ्यावी. तो कागद बाईंनी दोनदा वाचिला. विश्रांती कशास हवी? घरी विश्रांतीवाचून दुसरे होते कोण?

झावळ्यांचा रविवार म्हणजे काय, हे न जाणणारांकरिता दोन ओळी लिहितो. त्या दिवशी प्रभू येशू नगरीत शिरले तो लोकांनी वाटेवर झावळ्या आणि अंगरखे अंथरिले, आणि राजा आला म्हणोन जयजयकार केला, आणि त्याच आठवड्यात बहुतेकांनी तोंडे फिरविली. पैकी तोंडे फिरविणे मुलांस शिकवावे लागत नाही. अडचण पडली ती वाहनाची. राजाची स्वारी गाढवावरून आली.

बाईंची फौज सात जणांची, वय साडेचार ते सहा. पैकी बसचालकाची कन्या ही फौजेची वाकनीस. कोणी नाकात बोट घातले, कोणी कोणाचा खडू मोडला, ही सर्व बातमी तिच्यामार्फत बाईंस क्षणात पोचे. दुसरा पाववाल्याचा धाकटा, अंगाने किडमिडीत आणि वृत्तीने गरीब. दातांच्या डॉक्टरिणीचे जुळे भाऊ दोन, दोघेही चावरे. बाकी तिघे गर्दीच्या कामाचे.

पहिले रविवारी बाईंनी खुर्च्या रेटून जागा केली, आणि मग कथा सांगितली, आणि गाढव येताच फौज जागचे जागी थबकली.

"राजा आणि गाढवावर?" वाकनीस कमरेवर हात ठेवून म्हणाली. "बाई, तुमचं चुकलंय. पुस्तकात बघा परत."

"बघितलंय गं बाई. गाढवच आहे."

"घोड्याला ताप आला असेल," एक जुळा म्हणाला, आणि दुसऱ्याने मान डोलाविली.

आता खरे सांगावयाचे तर आम्हांसही तेथे लेखणी अडली. आमचे दफ्तरात गाढवावर बसवितात ते चोरास, आणि ते धिंड काढावयास; राजा आपण होऊन त्यावर बसला ऐसे कोणत्याही बखरीत नाही. परंतु बाई डगमगल्या नाहीत. त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी जमिनीवर बसल्या, आणि पाववाल्याच्या धाकट्याची विजार घोट्यापाशी धरून, तोंडात टाचणी धरावी तशा ओठांनी सांगत्या जाहल्या की, विजारीचे माप घ्यावयाचे तर खाली बसावे लागते. उभ्याने घेतले की माप चुकते. घोड्यावरून माणसाचे नुसते टाळके दिसते. या राजास माणसे नीट पाहावयाची होती, म्हणोन त्याने ठेंगणे जनावर मागितले, आणि एवढ्या जनावरांतून गाढवास निवडिले.

झाले! बाई राजाचे गुण सांगू गेल्या, आणि फौजेने गाढवाचे उचलिले. ज्या अर्थी राजाने निवडिले त्या अर्थी गाढव हाच कथेतील मोठा मानकरी, ऐसा सातही डोक्यांत एकदम उजेड पडला, आणि पुढील सर्व संकट या उजेडातून निघाले.

दुसरे रविवारी पदे वाटावयाचा समारंभ. बाईंची मसलत होती की एक राजा, दोघांनी मिळून एक गाढव, आणि चौघांनी हिरव्या कागदाच्या झावळ्या हालवाव्या. मसलत ऐकताच बंडाळी माजली. गाढव कोण होईल म्हणता सात हात वर, राजा कोण होईल म्हणता खिडकीतली माशी तेवढी हालली. मग एक रडला, आणि त्यास पाहून दुसरी रडली, आणि गाढवाची पुढली बाजू कोणाची यावरून जुळ्यांनी परस्परांस चावे घेतले, आणि वाकनीस सर्वांच्या तक्रारी सांगता सांगता आपणही हुंदके देऊ लागली. बाईंनी तह केला. तहाची कलमे ऐशी की सहा जणांनी गाढव व्हावे, सहाही गाढवांस खरे शिवलेले कान मिळावे, आणि पाववाल्याचा धाकटा वजनाने हलका म्हणोन त्याने राजा व्हावे. धाकट्याने मुकुट घालून घेतला. गरीब प्रजा तहाचे वेळी बोलत नसते, आणि पुढे महागात पडते.

मग बाईंनी गिऱ्हाइकांच्या विजारी बाजूस सारिल्या, आणि कोटाचे राखाडी अस्तर उरले होते ते काढिले, आणि इलॅस्टिक लावून लांब लांब कान शिविले. सहा जोड गाढवांचे. सातवा धाकट्याकरिता, मिरवणूक संपल्यावर खेळावयास. आणि आठवा उगाच, कारण बाईंचा हातच ऐसा की एक नग जादा कापल्यावाचून कात्री खाली ठेवीत नसत. तिसरे रविवारी तालीम जाहली, आणि ती नामी वठली. बाईंनी चिटणीसांस निरोप पाठविला की तयारी चोख आहे. देवाने हसावे ऐसे निरोप माणूसच पाठवितो.

तो मुख्य दिवस उजाडला. दालनात दीडशे मंडळी, पुढले रांगेत चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब, मागे आयाबाप मान उंचावून. मागल्या खोलीत बाई मोजीत्या जाहल्या, तो गाढवे सहा हजर आणि राजा गैरहजर. वाकनिसीने खबर दिली की, "बाई, हा बघा ना! पियानोखाली जाऊन बसलाय आणि मुकुट चावतोय!"

बाई पियानोपाशी ओणव्या झाल्या. घड्याळात मिरवणुकीस चार मिनिटे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात; येथे बाई राजाचे पाय धरून बाहेर ओढीत होत्या, आणि राजा येईना.

"काय झालं रे माझ्या राजा?"

"मला राजा नाही व्हायचं."

"अरे, पण का?"

धाकट्याने मुकुट तोंडातून काढिला. "तालमीत सगळ्यांनी गाढवांनाच कुरवाळलं. माझ्या अंगाला कुणी हातसुद्धा लावला नाही."

खरेच होते ते; तालमीत त्यांनी आपणही गाढवांचेच कान दहादा सारखे केले होते, आणि राजास नीट उभा राहा एवढेच म्हणाल्या होत्या. आता दरडावून त्यास बाहेर काढिले तर राजा मिळेल, खोली राहील, पडदा टळेल. न काढिले तर एकोणीस वर्षांचा अंमल चार मिनिटांत बुडेल. आणि बाई काय करित्या जाहल्या? पिशवीतून सातवा जोड काढिला, आणि त्याच्या डोक्यास बसविला, आणि दोन्ही कान कुरवाळिले, आणि म्हणाल्या, "जा. हो गाढव." मग गुडघ्यांवर हात देऊन उठल्या, आणि डोळे पुसावयास रुमाल न सापडल्याने अस्तराचा तुकडा वापरिला. खोली गेली, हे त्यांनी मनाशी धरूनच दार उघडिले.

दालनातून सात गाढवे चालिली, एकामागे एक, हात जमिनीस टेकोन, आणि त्यांजवर स्वार कोणी नाही. प्रथम मंडळी हसली. मग कोणी कोणास कोपराने ढोसिले, आणि कुजबूज उठली की राजा कोठे राहिला, आणि बाई दारापाशी भिंतीस पाठ लावून उभ्या. मुले मात्र कोणाकडे न पाहता सरळ वेदीपर्यंत गेली, आणि तेथे सातही जण खाली वाकले, जणू पाठीवरील कोणास सावकाश उतरावयाचे आहे. आणि हे बाईंनी शिकविलेले नव्हते. मग मुले एकीकडे सरोन वाट देऊन बसली.

इतक्यात चिटणीस आत आले. ते बाहेर खुर्च्या मोजीत होते, सबब त्यांस उशीर जाहला. त्यांनी सात गाढवे पाहिली, मुकुट कोठेच पाहिला नाही, आणि सर्व मंडळींस ऐकू जाईल ऐशा आवाजात विचारिले की, "राजा कुठाय?"

वाकनीस ताडकन उठली. कान डोळ्यांवर आले होते ते तिने मागे सारिले.

"बाई, हे बघा ना! चिटणीसकाका स्वतः उशिरा आले आणि वर विचारतायत राजा कुठाय! राजा केव्हाच आत गेला!"

दालनात टाचणी पडती तर ऐकू येती, आणि बाईंच्या गळपट्टीवर त्या बारा होत्या, परंतु एकही पडली नाही. चिटणीस हटणारे नव्हेत. त्यांनी फर्मानातील दुसरे कलम काढिले, आणि आवाज जरा उतरवून पुसिले की, आला तो कसा आला?

"माझ्या पाठीवरून," पाववाल्याचा धाकटा म्हणाला. "जड नव्हता."

मग पाळकसाहेब उठले. त्यांनी पुष्कळ वर्षे या दिवशी पाऊण पाऊण तास प्रवचन केले होते, आज ते वेदीकडे पाहून एवढेच म्हणाले की, "तो आत येऊन बसलाय, तर आपण उभं राहू या." दीडशे मंडळी उभी राहिली. चिटणीस उभेच होते, तरी त्यांनी आणखी थोडे ताठ उभे राहावयाचा यत्न केला. बाई मात्र दाराशी खाली बसल्या, आणि जो तो येता जाता त्यांच्या खांद्यास हात लावून गेला.

सबब नोंद ऐशी: झावळ्यांचे रविवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, मागली खोली बाईंकडे कायम जाहली. पाळकसाहेबांनी हुकूम फर्माविला की खुर्च्या आजच हालवाव्या, आणि चिटणीसांनी तो लेखी मागून घेतला, आणि मग दुपारी कोणी मदतीस नसता चौतीसही खुर्च्या स्वतःच्या पाठीवरून, दोन दोन करून, जिन्याने वर माळ्यावर नेल्या. बाईंनी त्यांस पाणी दिले आणि गुडघे सांभाळा म्हणोन सांगितले. कोणी पडले नाही. दोन चावे, एक चावलेला मुकुट, आणि राजाच्या ओढाओढीत निखळलेला लंगड्या पियानोचा आणखी एक पाय, एवढीच हानी.

एक गोष्ट तेवढी साक्षीपुराव्याने शाबीत होत नाही. आठवा जोड त्या दुपारी बाईंच्या पिशवीत नव्हता. वाकनीस शपथेवर सांगते की तिने जिन्यावर काय पाहिले ते पाहिले. चिटणीस म्हणतात, लहान मुलांस काही कळत नाही. पुढले रविवारी तो जोड फळ्यापाशी खिळ्यास टांगलेला सापडला. बाईंनी हातात घेऊन ताणून पाहिला, तो इलॅस्टिक पार सैल पडलेले. आणि एवढे सैल होण्यास साडेचार वर्षांचे डोके पुरत नाही, हे शिवणकाम करणाऱ्या बाईंस कोणी सांगावे? त्यांनी नवे इलॅस्टिक लाविले, मोठ्या मापाचे, आणि जोड त्याच खिळ्यास परत टांगून ठेविला.