तुळशीराम पाटलांचं चितारी दफ्तर

तुळशीराम पाटलांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते तो वाचत नसत. आधी उन्हाकडे धरत. कुंकू लावलेली लग्नाची चिठ्ठी असो की वैद्याने लिहून दिलेला काढा, एक डोळा मिटून सगळा कागद इकडून तिकडे तपासून झाल्याशिवाय मजकुराकडे वळायचं नाही. एकदा कचेरीचा पट्टेवाला हुकूम घेऊन आला. पाटलांनी तो उन्हात धरला, हळहळत मान हलवली आणि म्हणाले, "साफ हाये. एकही भोक नाही याच्यात." पट्टेवाल्याने कचेरीत जाऊन सांगितलं, की पाटलांना सरकारच्या हुकुमात काही खोट सापडली नाही. तहसीलदार खूश झाले म्हणतात.

पाटील भोकं शोधत होते हे खरं. चितारी भिंतीवर एकदम रंग लावत नाही. आधी कागदावर देव काढायचा, मग त्या रेघांवरून सुईने बारीक भोकं पाडायची. तो कागद भिंतीला लावून त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की पूड भोकांतून पलीकडे जाते आणि भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचा देव उभा राहतो. अशा भोकांच्या कागदाला खाका म्हणतात. भिंत रंगली की खाक्याला कोणी विचारत नाही. पाटील विचारत. नुसते विचारत नसत, त्यासाठी गावोगाव हिंडत.

हे सगळं अमरावतीत, कापसाला सोन्याचे दिवस आले होते तेव्हाचं. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळं जग आमच्या वर्‍हाडाच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसलं होतं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. काल ओसरीवर घोंगडी टाकून बसणार्‍यांनी माड्या बांधल्या आणि माडी बांधली की भिंती रंगवायला चितारी आलाच. आमच्या शेठजींनी तर लक्ष्मीच्या हातातलं कमळ काढून तिथे कापसाचं बोंड काढायला लावलं. मी त्यांच्याच पेढीवर पत्रं लिहायला होतो. वाईकडून पोटासाठी इकडे आलेला माणूस. अक्षर चांगलं आणि त्याची घमेंडही पुरेशी. पाटलांच्या शेजारी बिर्‍हाड मिळालं आणि माझं अक्षर त्यांच्या नजरेस पडलं. त्या दिवसापासून माझी संध्याकाळ माझी राहिली नाही.

पाटलांची स्वतःची जमीन चांगली, कापूस उत्तम. पण घरातली सगळ्यात कोरडी, उंच जोत्याची खोली त्यांनी कागदांना दिलेली. दाराशी गवताचा कुंचा घेऊन स्वतः उभे राहायचे. त्या वर्षांत अमरावतीत अंगावर कापूस नाही असा माणूस दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी गत होती. मिशांतसुद्धा तंतू अडकलेले असायचे. पाटील आल्यागेल्याला डोक्यापासून टाचेपर्यंत झाडत. "कापसाच्या मांगं कीड येते, पंत. उभे राहा सरके." एकदा आमचे शेठजी ती खोली गाठी ठेवायला भाड्याने मागायला आले. त्यांनाही झाडलं.

"खोली रिकामी नाही जी," पाटील म्हणाले. "मानसं राह्यतात तथी."

"कोण माणसं?"

"मेलेले चितारी."

शेठजींनी एकवार त्या अंधार्‍या दाराकडे पाहिलं आणि पगडी सावरत निघाले, ते थेट पेढीवर येऊन पाणी प्यायले. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी पहिल्यांदा आत गेलो तो थट्टा करायच्या तयारीने. फळ्यांवर रुमालात बांधलेली दप्तरं, कचेरीत असतात तशी. प्रत्येकावर चिठ्ठी: चितार्‍याचं नाव, गाव. "बिननावाचं दफ्तर म्या फळीवर चढू देत नाही," पाटील म्हणाले. आत नुसते खाके नव्हते. एकाने बायकोला धाडलेली पत्रं होती. देऊळ रंगवायला गेला आणि पावसाने चार महिने अडकला. एकाने मुलासाठी लिहून ठेवलं होतं की हिरवा रंग कसा करावा, आणि खाली: अमक्याकडून नीळ घेऊ नये, चोर आहे. एका कागदावर तर काहीच नव्हतं, नुसते कुंचल्याचे फटकारे, रंग किती पातळ झाला ते पाहायला मारलेले. तो कागद पाटील दोन्ही तळहातांवर धरून दाखवायचे. "याच्यात देव नाही, मानूस नाही. नुसता हात हाये त्याचा. पाह्यता का?"

मी हसणार होतो. तेवढ्यात त्यांनी दार उघडं करून ऊन आत घेतलं, एक खाका उलगडला आणि भिंतीपासून हातभर अंतरावर धरला. मळकट, कोळशाने काळवंडलेला, कडा कुरतडलेल्या. समोर पांढर्‍या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडले आणि त्या ठिपक्यांतून शेषावर निजलेला विष्णू उमटला. पाटलांचा हात थरथरला की देव श्वास घेतल्यासारखा हलायचा. मी घरचा देवधर्म पाळणारा माणूस, रोज पूजा करतो. पण असा देव मी कधी पाहिला नव्हता. हात आपोआप जोडले गेले. थट्टा कुठल्या कुठे गेली ती गेलीच.

पण कागद मिळवायची पाटलांची रीत मात्र गावाला भारी खटकायची. चितारी वारल्याचं कळलं की हे सुतक फिटायच्या आत दाराशी हजर. खांदेकर्‍यांची धोतरं वाळलेली नसत आणि हे विचारत, "कागद कुठी हायेत?" याला कारण होतं. फाटका, डागाळलेला देव घरात ठेवू नये, नदीत सोडावा, ही आपली रीत. दहाव्याला घरातले खाक्यांची टोपली भरून घाटावर नेत आणि एका माणसाचं सगळं आयुष्य भक्तिभावाने पाण्यात सोडून देत. पाटलांना त्या टोपलीच्या आधी पोचायचं असे. "यमाबरोबर एक रेडा आणि एक पाटील," असं गावातली टवाळ पोरं म्हणायची. पाटलांच्या कानावर ते गेलं होतं. "रेड्याले कागदाचं काय समजते," एवढंच म्हणाले.

अशात अकोल्याहून निरोप आला, भागूजी चितारी गेला. भागूजी म्हणजे त्यांच्या मते सगळ्या चितार्‍यांचा राजा. तो विष्णू त्याचाच. जिवंतपणी त्याने एवढा एकच खाका दिला होता, बाकी मागितले की म्हणायचा, मेल्यावर न्या. पण त्याने हे घरच्यांना सांगितलं होतं का, कोणास ठाऊक.

"पंत, चला. हे टोपली गेली तं माही खोली रिकामीच समजा."

आम्ही रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली. बडनेरा मागे पडलं आणि पुढे सगळा रस्ता कापसाच्या गाड्यांनी अडलेला. बाभळींच्या काट्यांना कापूस लागून झाडं पांढरी झाली होती. गाडीवान बाजू देईनात. पाटील रेंगीत उभे राहून ओरडत, "मयतीले जाऊन राह्यलो रे बाप्पा, सरका!" आणि लोक खरंच सरकत. मूर्तिजापूरच्या अलीकडे तर एका गाडीवानाने विचारलं, "कोन गेलं जी तुमचं?" "घरचंच," पाटील म्हणाले.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठाला भागूजीचं घर. पोचलो तेव्हा टोपली ओसरीवर भरूनच ठेवली होती. वर तुळशीचं पान. थोरला मुलगा कापसाच्या गाड्या हाकायचा. बापाची खोली गाठींसाठी मोकळी करायच्या घाईत होता. पण घरात शब्द चालत होता तो भागूजीच्या बायकोचा. रखमाबाई. वाळकी, ताठ कण्याची, रडून डोळे सुजलेले. पण आवाज मामलेदारासारखा.

"वयनी," पाटील उंबर्‍याबाहेरूनच म्हणाले, "ते पाण्यात नका टाकू."

"फाटके देव घरात ठेवत नाईत, पाटील. तुमाले मालूम नाही का?"

"हे देव नोहेत वयनी. देवाच्या जागी नुसते भोकं हायेत."

"त्या भोकातूनच येते ना देव?"

आयुष्यात पहिल्यांदा पाटलांना तोडीस तोड कोणी भेटलं होतं. मग मात्र त्यांनी टोपलीशेजारी बसकण मारली आणि पोटातलं बोलायला सुरुवात केली.

"वयनी, सरकारजवळ तुमच्या घराचं दफ्तर हाये. वावराचं हाये. बैल चोरी गेला तं त्या बैलाचंही हाये. अन् ज्या मानसानं वर्‍हाडातले निम्मे देव भिंतीवर उभे केले, त्याचं काहून नाही? भिंतीले दर वर्साले चुना लावतात लोकं. हे गेलं का भागूजी गेला. आता गेला तसा नाही, खराखुरा गेला."

रखमाबाईंनी टोपली जवळ ओढली. मग म्हणाल्या, "दफ्तरावर नाव कोनाचं लिहिसान?"

"भागूजीचं. अजून कोनाचं?"

"अन् माहं?"

रखमाबाईंनी टोपलीतला एक खाका घेतला आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला, आई मुलाच्या पाठीवरून फिरवते तसा. "रेघ त्याईची. भोकं माही. लग्न होऊन आलो तवापासून टोचून राह्यलो. दिवसभर ते काढत, म्या चूल उरकून टोचत होतो. हा मारुती पाहा, याची शेपटी टोचून राह्यलो अन् गोविंदा झाला." त्यांनी कोपर्‍यातल्या थोरल्या मुलाकडे बोट केलं. तो एवढा बाप्या माणूस, लाजून बाहेर निघून गेला.

पाटलांनी तो कागद उन्हात धरला. धरून ठेवला. इतकी वर्षं त्यांनी ज्या भोकांची आरती करायची बाकी ठेवली होती, ती कोणी पाडली हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. मीही नाही. फळीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या, वळणदार अक्षरातल्या, आणि एकीवर बाईचं नाव नव्हतं.

"लिहितो," पाटील म्हणाले. "दोघाईचं लिहितो. तुमचं आंधी."

"आंधी नको. बाजूनं लिहा."

टोपली मिळाली, पण अख्खी नाही. एक खाका नदीला द्यायचाच, ते रिकाम्या हाताने जाऊ नयेत, असं त्या म्हणाल्या. आणि निवडला कोणता? झोपाळ्यावरचे राधाकृष्ण, टोपलीतला सगळ्यात देखणा, केसाएवढ्या बारीक भोकांचा. एखादा गणपती चालणार नाही का, असं विचारायला पाटलांनी तोंड उघडलं, रखमाबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. घाटावर रखमाबाईंनी कागद पाण्यावर ठेवला. भोकांतून पाणी वर आलं, राधाकृष्ण क्षणभर चमकले आणि गेले. पाटलांनी डोळे मिटून हात जोडले.

परतीच्या वाटेवर पाटील टोपली मांडीवर घेऊन बसले होते. बडनेर्‍याजवळ म्हणाले, "पंत, आमच्या घरी भुलाबाई बसे. पाह्यली कधी?"

भुलाबाई म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्यासारखा इकडचा बायकांचा सण, पण मी ती कुठली पाहणार? मी आलो त्याआधीच त्यांची बायको वारली होती. घरात मूलबाळ नाही.

"भिंतीवर काढे घरचं मानूस. गेरू अन् तांदळाचं पीठ, बस. बोटानं काढे. भुलाबाई, भुलोजी, मोर, सारं अंगन भरे बायायनं पाह्याले. दरसाली सारवायचं, दरसाली नवं. शेवटच्या वर्साले काढली अन् पंधरवड्यात गेली." त्यांनी टोपली मांडीवर सावरून घेतली. "सुतक फिटलं. घर सारवा लागते. बाया विचारत होत्या, हे भिंत ठेवायची का? म्या म्हटलं, ठेवता कसं, रीत हाये. सारवा. मीच म्हटलं पंत. ओल्या शेणाखाली मोर गेला तं तवा समजलं."

इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहिलो, त्यांना हसलो, त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि हा माणूस कशाच्या मागे धावतोय हे मला दिसलं नाही. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

घरी आल्यावर त्यांनी मला कुंच्याने झाडलं, स्वतःला झाडलं, भागूजी-रखमाचं दप्तर बांधलं आणि मी चिठ्ठी लिहिली. दौत मिटायला लागलो तर म्हणाले, "थांबा." पेटीतून लाल खारव्याचा नवा कोरा रुमाल काढला. जमिनीवर पसरला. त्यात काही ठेवलं नाही. चारी टोकं आणून नीट गाठ मारली.

"लिहा."

"काय लिहू?"

आपल्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. शेजारी असून मला ते ठाऊक नव्हतं. घरचं मानूस, एवढंच मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं. पाटील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मानेपर्यंत लाल झाले.

"सगुना," म्हणाले.

मी लिहिलं. त्यांनी ते रिकामं दप्तर दोन्ही हातांनी उचललं, वरच्या फळीवर ठेवलं, मागे सरून पाहिलं, आणखी मागे सरून पाहिलं.

"पंत," म्हणाले, "अक्षर जरासं मोठं काढा लागत होतं."

मी दुसरी चिठ्ठी घेतली.